परतीचे सामान

परदेशाची सहल ठरली की घरात जाण्याची चर्चा महिनाभर चालते. येण्याची चर्चा कोणी करीत नाही. व्हिसा, तिकिटे, हॉटेल, कोणत्या दिवशी काय पाहायचे, खाकऱ्याचे डबे किती, कडक भाकरी आणि शेंगाचटणी किती, हे सारे वहीत उतरते. परतीच्या रकान्यात मात्र विमानाचा क्रमांक आणि सुटण्याची वेळ एवढेच असते. व्यापारी माणसाला हे शोभत नाही. गाडी माल सोडून रिकामी परतते की भरून परतते, यावर ज्याचे भाडे आणि नफा ठरतो, त्याने तरी परतीचा विचार आधी करावा. सहलीचा खरा हिशेब शेवटच्या दोन-तीन दिवसांतच उभा राहतो. डबे रिकामे झालेले असतात, बॅगेत जागा झालेली असते, खिशात थोडे परकीय चलन उरलेले असते आणि ‘पुन्हा कधी येणार?’ या एका प्रश्नाने घरातील प्रत्येकाचा हात सैल झालेला असतो.

महाराष्ट्रातील व्यापारी कुटुंबांना दुबई जवळची वाटते याची कारणे साधी आहेत. मुंबईहून विमानाचे अंतर तीन तासांच्या आसपास, घड्याळातला फरक दीड तासाचा, बाजारात हिंदी चालते आणि शुद्ध शाकाहारी भोजन शोधावे लागत नाही. चातुर्मास संपलेला, मुलांना नाताळची सुट्टी आणि तिकडची हवाही सुखद, असा योग डिसेंबरात जुळून येतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बार्शीकडील एका भुसार व्यापाऱ्याचे कुटुंब असेच दुबईस गेले होते. आजी, अण्णा, त्यांच्या पत्नी, दोन मुलगे, दोन सुना आणि दोन नातवंडे अशी नऊ माणसे. अण्णांची कन्या तेवढी परीक्षेमुळे पुण्यात राहिली होती. तिचे लग्न वैशाखात ठरलेले होते. गगनचुंबी बुर्ज खलिफा पाहून झाला, वाळवंटातील सफर झाली, मॉल पाहून पाय दुखले. उरले होते दोन दिवस, आणि ते खरेदीसाठी राखून ठेवले होते.

दुबईच्या जुन्या भागात शिरल्यावर शहराचा चेहरा एकदम बदलतो. समुद्राची एक खाडी आत शिरलेली आहे. तिच्या एका काठावर बर दुबई आणि तेथील मीना बाजार, दुसऱ्या काठावर देरा. दोन्ही काठांमध्ये ‘अब्रा’ नावाच्या लाकडी होड्या ये-जा करतात. भाडे एक दिरहम. उंच मनोऱ्यांच्या तिकिटांपुढे हा एक दिरहम आजींना फार आवडला. त्यांनी नातवंडांना घेऊन खाडी दोनदा ओलांडली. देऱ्याच्या धक्क्याला आजही गलबते लागतात, त्यांवर टायर, फ्रीज, तांदळाची पोती असा सगळा माल उघड्यावर रचलेला असतो. पोती पाहताच अण्णा थबकले. भुसार व्यापाऱ्याची नजर बुर्ज खलिफावर जितकी ठरली नसेल तितकी पोत्यांच्या थप्पीवर ठरली. मसाल्यांच्या बाजारातून केशर, बदाम आणि खजूर घेतला. खसखस मात्र तिकडे मिळत नाही. संयुक्त अरब अमिरातीत ती निषिद्ध आहे. जाताना सामानात किंवा मिठाईत चुकून राहिली तरी प्रवाशाला तिचा जाब द्यावा लागतो, हे तिकडे जाणाऱ्या गृहिणींनी लक्षात ठेवावे.

मसाल्यांच्या बाजारापासून चार पावलांवर सोन्याचा बाजार. लाकडी छताखाली दोन्ही बाजूंना दुकानांच्या काचा आणि त्या दिवसाचा कॅरेटनिहाय भाव लावलेला. भावात घासाघीस नाही, घडणावळीत आहे. या बाजाराचे आणि हिंदुस्थानचे नाते जुने आणि काहीसे अवघड आहे. एके काळी आखातात आपलाच रुपया चालत असे. परंतु तो रुपया देऊन सोने घ्यायचे, ते गलबतांतून चोरून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरवायचे आणि रुपये पुन्हा आखातात न्यायचे, या व्यवहारात देशाचे परकीय चलन झिरपू लागले. तेव्हा १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले आणि आखाती राज्यांनी आपापल्या चलनाची वाट धरली. आजचा दिरहम १९७३ पासूनचा. दुबईच्या दृष्टीने तेथून सोने बाहेर नेणे हा सरळ व्यापार होता. तो चोरटा होत असे तो हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागताना. तीच गोष्ट थोड्या फरकाने आज विमानातील प्रवाशाला लागू आहे.

धाकट्या सुनेने त्या संध्याकाळी तेथून एक हार घेतला. तीस ग्रॅमचा, बावीस कॅरेटचा, नाजूक कामाचा. नणंदेच्या लग्नात आपल्याकडून आहेर म्हणून द्यायचा, असे तिच्या मनात होते. पैसे तिचे स्वतःचे, माहेरहून मिळालेले आणि साठवलेले. हे अण्णांना आधी सांगायचे नाही, लग्नातच उघड करायचे, असे नवरा-बायकोने ठरवले होते. धाकट्याचा एक मित्र दुबईत नोकरीस आहे, दुकान त्यानेच दाखवले आणि सल्लाही त्यानेच दिला, “वहिनी, उतरताना गळ्यात घाला. घरचाच हार. कोणी विचारत नाही.”

हा सल्ला देणारा मित्र प्रत्येक कुटुंबाला भेटतो. तो वाईट माणूस नसतो. बहुधा मदतशीर आणि आतिथ्यशील असतो. म्हणूनच त्याचा शब्द मोडवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगा बांधायला काढल्या. वजनाचा काटा सोबत होता, पण अण्णांनी तो वापरू दिला नाही. प्रत्येक बॅग एका हाताने उचलून त्यांनी आकडा सांगितला आणि मग नातवाने काट्यावर पडताळला. दोन बॅगांत अर्ध्या किलोहून अधिक फरक निघाला नाही. त्यानंतर त्यांनी सर्वांना आपापली बिले मांडायला सांगितली. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून पाच टक्के मूल्यवर्धित कर आहे आणि पर्यटकाने माल देशाबाहेर नेला तर विमानतळावर त्याचा मोठा भाग परत मिळतो. बिल किमान २५० दिरहमांचे हवे, दुकानदाराने खरेदी करतानाच पर्यटकाची नोंद केलेली हवी, आणि सामान विमान कंपनीकडे सोपवण्यापूर्वी त्या खिडकीवर जायला हवे; तपासणीसाठी माल दाखवायला सांगितला तर तो हाताशी असला पाहिजे. अण्णा बिले लावू लागले. चॉकलेट, अत्तर, नातवाचे बूट, आणि त्यांच्याखाली साडेनऊ हजार दिरहमांचे एक बिल.

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग धाकट्या सुनेने हार आणून पलंगावर ठेवला आणि कोणासाठी घेतला ते सांगितले. थोरल्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आले. अण्णांच्या पत्नीने हार हातात घेऊन पाहिला आणि उत्तम निवड केली, असे म्हटले. अण्णांनीही म्हटले. नंतर त्यांनी विचारले, “मुंबईत हा कसा न्यायचा ठरवला आहे?”

धाकट्याने मित्राचा सल्ला सांगितला.

अण्णांनी हॉटेलचा कागद पुढे ओढला. रुपयांत हाराची किंमत सुमारे दोन लाख वीस हजार. २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे परदेशातून परतणाऱ्या प्रवाशाला पन्नास हजार रुपयांपर्यंतचे सामान त्या वेळी शुल्काविना आणता येत होते. दागिने त्या सवलतीत बसत, सोन्याची नाणी आणि बिस्किटे नाही. वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांना दागिन्यांची वेगळी सवलत असते. आठ दिवसांच्या पर्यटकाला नाही. नऊ माणसांच्या नऊ सवलती एका हारावर एकत्र करता येत नाहीत, कारण नियमच तसा आहे. म्हणजे एक लाख सत्तर हजारांवर शुल्क. दर अधिभारासह ३८.५ टक्के. पासष्ट हजार चारशे पन्नास रुपये. (या मर्यादा आणि दर सरकार बदलत असते, निघण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला नियम पाहणे हेच शहाणपणाचे.)

दुसरा हिशेब त्याच कागदावर खाली. तसाच हार बार्शीच्या सराफाकडे घडणावळ आणि जीएसटी धरून किती पडला असता? अण्णांच्या अंदाजाने फार तर वीस हजारांनी महाग. एके काळी हे अंतर मोठे होते. परंतु २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरील आयात शुल्क पंधरा टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर आले आणि दुबईच्या भावातील गोडी पुष्कळ कमी झाली. लोकांच्या बोलण्यात मात्र ती तशीच राहिली आहे. म्हणजे वीस हजार वाचवायला जाऊन पासष्ट हजार भरायचे, किंवा भरायचे नाहीत.

“या सोन्यात नफा नाही,” अण्णा म्हणाले. “नफा आहे तो फक्त न सांगण्यात.”

व्यापाऱ्याच्या तोंडचे हे वाक्य आहे, उपदेशकाच्या नव्हे. घासाघीस करून मिळवलेला फायदा, वेळेवर खरेदी करून मिळवलेला फायदा, मालाची पारख असल्यामुळे मिळालेला फायदा, हे सगळे अण्णांनी आयुष्यभर आनंदाने घेतले आहेत. येथे फायदा देणारी वस्तू कोणती, हे त्यांनी शोधले आणि ती वस्तू मौन निघाली. धाकट्याने मग एक व्यवहारी शंका काढली: कर परत मिळवण्यासाठी ते बिल दुबईच्या विमानतळावर दाखवायचे की नाही? प्रश्नातच उत्तर होते. एका विमानतळावर कागद पुढे करून सांगायचे की हे सोने आम्ही देशाबाहेर नेत आहोत, आणि तीन तासांनी दुसऱ्या विमानतळावर तोच कागद बॅगेच्या तळाशी घालायचा. दुबईत नवे आणि मुंबईत जुने, असे एकच सोने कसे असेल?

हार दुकानात परत करण्याचाही विचार झाला. दुकानदार घेईल, पण घडणावळ कापून. शिवाय सुनेच्या मनातील गोष्ट मोडेल. तिने स्वतःच म्हटले, “अण्णा, नको असेल तर परत करू. माझ्यामुळे घराला भुर्दंड नको.” तिचा आवाज बसला होता.

आजी तोवर खिडकीपाशी माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांचे लग्न १९६४ सालचे. त्या काळात सुवर्ण नियंत्रण लागू होते. जानेवारी १९६३ च्या नियमांनी चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी केली होती. गावोगावचे सोनार हवालदिल झाले, कित्येकांची भट्टी विझली. लपून बावीस कॅरेट घडवून देणारे तेव्हाही होते आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांची प्रतिष्ठा त्यामुळे कमी होत नसे. आजींच्या वडिलांनी मात्र चौदा कॅरेटच्या बांगड्या घडवल्या. रंगाला जराशा तांबूस. सासरी पहिल्या दिवशी एका नातेवाईक बाईंनी त्यांना नखाने कोरून पाहिले होते. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि १९९० मध्ये तो रद्दही झाला. आजींनी बांगड्या मोडल्या नाहीत. त्या आताही हातात होत्या.

“अगं बाळ,” आजी नातसुनेला म्हणाल्या, “हार छान आहे. वन्संला शोभेल. पण तिने तो गळ्यात घातला की कोणी विचारील, कधी आणला, कसा आणला. तेव्हा तुला इकडे-तिकडे बघायला लागू नये, एवढंच.”

स्वाध्यायाला बसणाऱ्या घरांत अचौर्य अणुव्रताचे अतिचार पाठ असतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातील त्या यादीत चोरीचा माल घेणे आणि खोटी वजने-मापे वापरणे यांच्या शेजारीच ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आहे, आणि राज्याचे नियम चुकवून केलेली देवघेव त्यात येते, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. खोट्या मापाची लाज दुकानदाराला असते. तिसऱ्या गोष्टीची तितकी का नसावी, याचे उत्तर सोपे नाही. अण्णांनी त्या सकाळी हा विषय काढला नाही. ते एवढेच म्हणाले की शुल्क घरातून जाईल आणि आहेर सुनेचाच राहील.

परतीचे विमान दुपारी सव्वातीनचे होते. कराच्या खिडकीवर हाराचे बिल इतर बिलांबरोबर दाखवले गेले. विमानातील भोजनाची सूचना थोरल्या सुनेने दोन दिवस आधीच दिली होती, आणि तीही नेमकी. केवळ ‘हिंदू शाकाहारी’ म्हटले तर कांदा, लसूण, बटाटा येऊ शकतो. जैन भोजनाची विमान कंपन्यांत ‘व्हीजेएमएल’ ही वेगळी खूण आहे आणि ती बहुधा किमान चोवीस तास आधी नोंदवावी लागते. आजींचा चौविहार असल्यामुळे तिने दुसरीही एक गोष्ट पाहून ठेवली होती. दुबईत त्या दिवसांत सूर्य साडेपाचनंतर मावळतो. पण विमान पूर्वेकडे जात असते, म्हणून सूर्यास्त वाटेत लवकर गाठतो. दुबईचे घड्याळ पाहून निवांत बसले तर फसगत होते. ताट येताच आजींनी जेवण उरकले आणि पाणी घेतले. दुबईच्या घड्याळात पाच वाजून काही मिनिटे झाली असतील, तोच मागच्या बाजूला अरबी समुद्रावर सूर्य टेकला. उंचीवरून तो जमिनीपेक्षा थोडा उशिरा मावळताना दिसतो, एवढीच सवलत.

धाकट्या सुनेने जेवण घेतले नाही. हार तिच्या पर्समध्ये डबीत होता, गळ्यात नव्हता. बिल वेगळ्या कप्प्यात. उतरण्याआधी तिने नवऱ्याच्या फोनवर सीमाशुल्क खात्याच्या ‘अतिथी’ ॲपमध्ये निवेदन भरायला घेतले आणि किमतीच्या रकान्यापाशी ती बराच वेळ थांबली. मग आकडा पूर्ण लिहिला.

मुंबईत सामान आले तेव्हा आठ वाजून गेले होते. बाहेर पडण्याच्या वाटेवर दोन रस्ते असतात. ग्रीन चॅनेलमध्ये पाऊल टाकणे हेच कायद्याने निवेदन ठरते: शुल्क लागेल असे काही माझ्याजवळ नाही, असे प्रवासी तेथे न बोलता सांगत असतो. बहुतेक गर्दी त्याच बाजूने वाहत होती. विमानात शेजारी बसलेले एक गृहस्थ जाता जाता अण्णांना म्हणाले, “चुकीच्या रांगेत आहात, तिकडून जा.” अण्णांनी हात जोडून त्यांचा निरोप घेतला. मुले पेंगत होती. रेड चॅनेलच्या टेबलाशी त्यांच्यापुढे एकच प्रवासी होता.

अधिकाऱ्याने हार पाहिला, बिल पाहिले, वजन केले. सत्य निवेदन केलेली वस्तू शुल्क भरून नेता येते, अथवा भारतात आणायची नसल्यास सीमाशुल्क कायद्याच्या कलम ८० खाली तेथेच ठेवून देश सोडताना परत घेता येते, हेही सांगितले. न सांगता सापडली तर मात्र जप्ती आणि दंड. त्याची नजर मग आजींच्या हाताकडे गेली. थोरल्या सुनेने जाताना मुंबईतच त्या बांगड्यांचे प्रमाणपत्र करून घेतले होते. घरचे जुने दागिने अंगावर घालून परदेशी जाताना ते विमानतळावरील सीमाशुल्क खात्याकडून मिळते आणि परतताना प्रश्न उरत नाही. कागद पाहून अधिकाऱ्याने विचारले, चौदा कॅरेट कसे? आजींनी साल सांगितले. तो वयाने तरुण होता. सुवर्ण नियंत्रणाची गोष्ट त्याने दोन मिनिटे थांबून ऐकली.

कार्डाने पासष्ट हजार चारशे पन्नास रुपये भरले. पावती मिळेपर्यंत नऊ वाजून गेले. बाहेर आल्यावर धाकट्याने मित्राला पोहोचल्याचा निरोप धाडला. हाराबद्दल काही लिहिले नाही. दादरहून रात्रीची सोलापूरकडची गाडी मिळाली. धाकटी सून खिडकीशी बसली होती आणि गाडी कल्याण सोडत होती, तेव्हा तिने थोरलीला हळूच विचारले की वैशाखात नणंद कोणत्या रंगाचा शालू नेसणार आहे. आजी वरच्या आवाजात म्हणाल्या, “झोपा आता.” पहाटे कुर्डुवाडीस उतरून जीपने बार्शी गाठली.

दुकान नेहमीच्या वेळी उघडले. उरलेले दिरहम अण्णांनी मुनीमजींपुढे मोजून ठेवले. परतल्यापासून १८० दिवसांच्या आत जास्तीचे परकीय चलन अधिकृत विक्रेत्याकडे द्यावे लागते, दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात आणि नाण्यांना मर्यादा नाही. येथे तर चारशे दिरहमांच्या नोटा आणि नातवाने मागून घेतलेली दोन नाणी एवढेच होते. घरखात्याची वही उघडून मुनीमजींनी तिकिटे, हॉटेल, जेवणखाण, किरकोळ खरेदी अशी एकेक रक्कम टाकली. शेवटी सीमाशुल्काची पावती हातात आली.

“अण्णा, हे कशात धरू? प्रवासखर्चात?”

“नाही,” अण्णा म्हणाले. “हाराच्या किमतीत मिळवा. हार दोन लाख पंच्याऐंशी हजार चारशे पन्नासांचा आहे.”